मिस्टरांना फोन लावण्याआधी माझं पत्र वाचा

प्रति,
भारतातून अमेरिकेला प्रवासी नेणाऱ्या विमान कंपन्यांचे चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी आणि त्यांचे ड्युटी मॅनेजर यांस,

नमस्कार.

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला मी मुंबईत सहारच्या विमानतळावर, टर्मिनल दोनला, तुमच्यापैकी एकीच्या काउंटरसमोर उभी होते. दोन बॅगांचं वजन झालं होतं, एक तेवीस किलो, दुसरी साडेबावीस. दुसरीत आईने वर्षभराचा गोडा मसाला आणि मेतकूट तीन-तीन पिशव्यांत बांधून दिलं होतं. मी पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि एक कागद पुढे ठेवला. पलीकडच्या मुलीने कार्ड उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "मॅडम, हे तर एक्सपायर झालंय."

मी म्हटलं, "हो, म्हणून तर सोबत ते पत्र आहे."

पत्रावर तिची नजर गेली आणि लगेच परत आली. मग तिने विचारलं, "मिस्टर नाहीत का बरोबर? त्यांना फोन लावता का?"

त्या एका प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर इतर बायकांशी बोलले तेव्हा कळलं की हाच प्रश्न वेगवेगळ्या काउंटरवर, वेगवेगळ्या शहरांत विचारला गेलाय.

आधी तो कागद काय आहे ते सांगते. तुमच्यातल्या अनेकांना ते माहीत असेल, पण त्या रात्री ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना नव्हतं.

माझं लग्न २०२० च्या नोव्हेंबरात सांगलीत झालं, करोनाच्या नियमांत, पन्नास माणसांत, तोंडाला मास्क लावून. नवरा अमेरिकेचा नागरिक. त्याने अर्ज केला, कागदपत्रांची ये-जा झाली, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मी शिकागोला उतरले. त्या दिवशी आमच्या लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी होते. अमेरिकेत १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी एक कायदा झाला. त्यानुसार कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो त्या दिवशी लग्न दोन वर्षांपेक्षा कमी जुनं असेल, तर जोडीदाराला मिळणारं वास्तव्य सशर्त असतं आणि कार्ड दहाऐवजी दोनच वर्षांचं मिळतं. मी नोव्हेंबरनंतर विमानात बसले असते तर दहा वर्षांचं मिळालं असतं. हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही. ज्या मुली आता व्हिसा हातात घेऊन तिकीट काढायच्या तयारीत असतील त्यांनी लग्नाची तारीख, व्हिसाची मुदत आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून एकदा बघावं.

दोन वर्षं संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा असतो, की अट काढून टाका, आमचा संसार खरा आहे. आम्ही जॉइंट खात्याचे स्टेटमेंट लावले, घरभाड्याचा करार लावला, टॅक्स रिटर्न लावले. सासू-सासरे आले होते तेव्हाचे गणपतीतले फोटोही लावले. अर्ज पोहोचला की पोच म्हणून एक नोटीस येते, आय-७९७. काउंटरवर ठेवला तो कागद हाच.

तो दिसायला साधा आहे हे मला मान्य आहे. साध्या पांढऱ्या कागदावर छापलेला, फोटो नाही, चमकणारा शिक्का नाही. वर तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला पावती क्रमांक, खाली माझं नाव-पत्ता आणि मग दोन परिच्छेद. त्यात स्वच्छ लिहिलंय की कार्डावर छापलेल्या तारखेपासून पुढे ४८ महिने माझं वास्तव्य वाढवलं आहे, आणि मुदत संपलेलं कार्ड व हे पत्र एकत्र दाखवलं की काम करायला आणि प्रवास करायला तो पुरावा आहे. हिशोब पत्राच्या तारखेपासून नाही, कार्डाच्या तारखेपासून करायचा. माझं कार्ड सप्टेंबर २०२४ ला संपलं, म्हणजे सप्टेंबर २०२८ पर्यंत मी त्या दोन वस्तूंवर कायदेशीरपणे येऊ-जाऊ शकते.

आधी ही वाढ १२ महिन्यांची असायची. २०१८ मध्ये १८ महिने झाली, २०२१ मध्ये २४, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ४८. अर्जांचा ढीग साचत गेला, निकालाला वर्षं लागू लागली, तशी ही मुदत वाढवत न्यावी लागली. म्हणजे तुमच्यासमोर मुदत संपलेलं कार्ड आणि पत्र घेऊन उभी राहणारी बाई ही लाखांत एखादी गोष्ट नाही. कार्ड दोन वर्षांचं आणि पत्र चार वर्षांचं, त्यामुळे सशर्त वास्तव्यातला मोठा काळ माणूस त्या पत्रावरच काढतो.

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी प्रवासाला घाबरत होते. ओळखीतल्या प्रत्येकीने सांगितलं होतं, "अर्ज पेंडिंग असताना इंडियाला जाऊ नको गं, काउंटरवर अडवतात." २०२४ च्या ऑक्टोबरात माझी आजी गेली. तिने मला लहानाचं मोठं केलं. फोन आला तेव्हा मी तिकीट शोधायला बसले, आणि तासाभराने लॅपटॉप मिटला. परत यायला मिळालं नाही तर नोकरीचं काय, घराचं काय, या विचाराने गेले नाही. अग्निसंस्कार व्हिडिओ कॉलवर बघितले. भावाने फोन उंच धरला होता, त्याचा हात हलत होता, मला धूर तेवढा दिसला.

तुम्हाला वाटेल, यात आमचा काय दोष? तुमच्यातल्या कुणा एकाचा नाही, हे मी जाणते. पण काउंटरवर एका बाईला अडवलं की ती गोष्ट दहा घरांत पोहोचते आणि त्या दहा घरांतल्या बायका आपापल्या आजीला, आईला भेटायला जात नाहीत.

जानेवारीत बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. या वेळी मी थांबले नाही. पाच आठवडे राहिले, त्यांना वॉकर धरून दारापर्यंत चालताना बघितलं आणि परतीला निघाले. भाऊ मुंबईपर्यंत सोडायला आला होता. गेटवर सीआयएसएफच्या जवानाला तिकीट दाखवून मी आत गेले आणि तो सांगलीच्या गाडीला लागला.

काउंटरवरच्या त्या मुलीने वरिष्ठांना बोलावलं. ते आले, कार्ड बघितलं, "एक्सपायर्ड कार्डवर नाही जाता येणार, मॅडम. आमच्यावर येतं," म्हणाले. मी पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, असं प्रिंट कुणीही काढू शकतं. मी म्हटलं, पावती क्रमांक आहे, अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाला फोन करून विचारा. त्यावर त्यांनी तोच प्रश्न केला: "तुमचे मिस्टर काय करतात? सिटिझन आहेत ना? त्यांच्याशी बोलू द्या."

मी एका लॉजिस्टिक्स कंपनीत काम करते. आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासणं हेच माझं रोजचं काम आहे. एखादी तारीख, एखादा शिक्का चुकला तर कंटेनर बंदरात अडकतो, त्यामुळे एक कागद दहादा वाचायची सवय आहे मला. आणि मी तिथे मध्यरात्री उभी राहून एका माणसाला दोन परिच्छेद वाचा म्हणून विनवत होते.

शेवटी साडेबाराला मी नवऱ्याला फोन लावला. शिकागोला तेव्हा दुपारचा एक. तो मीटिंगमधून बाहेर आला. त्याच्या मोबाइलमध्ये त्याच पत्राचा फोटो होता. त्याने स्पीकरवर तोच परिच्छेद, तीच ओळ, मी मघाशी बोट ठेवलं होतं ती, मोठ्याने वाचून दाखवली. मॅनेजरसाहेब ऐकत होते, मान हलवत होते. मग मला म्हणाले, "अच्छा, म्हणजे मुदत वाढवलेली आहे." कागद अर्धा तास त्यांच्या हाताखाली पडून होता.

तोपर्यंत काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती. सिस्टिम घेत नाही म्हणाले. बॅगा पट्ट्यावरून उतरवून माझ्याकडे ढकलल्या. मी रिक्षा करून पार्ल्याला मावशीकडे गेले. तिने दार उघडलं, काही न विचारता चहा टाकला आणि माझी चादर घातली. तिकीट बदलायचे ४१,००० रुपये गेले. नंतर कंपनीला मेल केला, त्याला गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारं दोन ओळींचं उत्तर आलं.

दुसऱ्या रात्री मी पुन्हा गेले. तीच कंपनी, तसाच काउंटर, पलीकडे एक मध्यमवयीन बाई. त्यांनी कार्ड घेतलं, पत्र घेतलं, चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि वाचायला लागल्या. बोटाने ओळ धरून. मग कार्डावरची तारीख बघितली, पुटपुटत चार वर्षं मिळवली, "दोन हजार अठ्ठावीसपर्यंत आहे तुमचं," म्हणाल्या आणि बोर्डिंग पास छापला. दोन मिनिटं लागली असतील. त्यांनी मला नवऱ्याबद्दल काहीही विचारलं नाही. माझं आणि वडिलांचं नाव चिकटून छापलेला तो लांबलचक शब्द असलेला पास हातात घेताना मला रडू आलं. त्या बाईंना कळेना काय झालं.

शिकागोला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कार्ड आणि पत्र बघितलं, किती दिवस बाहेर होते ते विचारलं, बॅगेत खायचं काय आहे ते विचारलं, मी मसाल्याचं सांगितलं आणि त्याने जाऊ दिलं. मला अमेरिकेत आत घ्यायचं की नाही हे ठरवणारा अधिकारी हाच. त्याला त्या पत्रात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

आता तुमची बाजू. तुम्हाला कशाची भीती असते हे मी घरी आल्यावर समजून घेतलं. कागदपत्रं नसलेला प्रवासी अमेरिकेला नेला तर कंपनीला हजारो डॉलरचा दंड होतो, त्याला परत आणायचा खर्चही कंपनीच्या डोक्यावर बसतो, आणि मग चेक-इन कुणी केलं ते शोधलं जातं. काउंटरवरच्या मुलीची नोकरी नवी असते, रात्रपाळी असते, मागे रांग असते. "नाही" म्हटलं तर तिला कुणी जाब विचारत नाही. "हो" म्हटलं आणि चुकलं तर विचारतात. तिच्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती.

पण भीतीवरचा उपाय तुमच्याच हातात आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाने विमान कंपन्यांसाठी एक माहितीपुस्तिका काढली आहे, कोणत्या कागदांवर प्रवाशाला बसवायचं याची. त्यात दोन वर्षांचं मुदत संपलेलं कार्ड आणि मुदत वाढवणारी आय-७९७ नोटीस ही जोडी चालते असं लिहिलेलं आहे. त्याच विभागाची विमान कंपन्यांना शंका विचारण्यासाठी न्यूयॉर्क, मायामी आणि होनोलुलूला पथकं आहेत. माझ्या नवऱ्याला फोन करायला तुमच्याकडे वेळ होता, तर त्यांनाही फोन करता आला असता. ते एक पान छापून काउंटरच्या आत चिकटवा. रात्रपाळीला येणाऱ्या नव्या मुलीला त्या जोडीचा एक नमुना एकदा हातात द्या, एकदा वाचू द्या. पुढच्या वेळी तिला कुणाला बोलवावं लागणार नाही.

आणि नवऱ्याबद्दल.

हे कार्ड मला नवऱ्यामुळे मिळालं, हे खरं आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण मिळाल्यावर ते माझं आहे. त्यावर माझा फोटो आहे, माझ्या बोटांचे ठसे आहेत, माझं नाव आहे. मला विमानात बसवायचं की नाही हे ठरवण्यासाठी नवऱ्याच्या आवाजाची गरज कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. माझा नवरा चांगला आहे, त्याने फोन उचलला. सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं, आणि तुमच्या त्या प्रश्नाने सगळ्यात जास्त घायाळ होतात त्या याच बायका.

माझ्या ओळखीत एक आहे. तिचं लग्न टिकलं नाही. अमेरिकेच्या कायद्यात घटस्फोट झाला असेल, नवरा वारला असेल किंवा नवऱ्याने मारहाण, छळ केला असेल, तर बाईला आय-७५१ एकटीने भरता येतो. तिने तो भरला. तिला आलेलं पत्र माझ्या पत्रासारखंच आहे. त्यात नवऱ्याचा उल्लेख नाही, कारण त्याची गरजच नाही. ती मागच्या दिवाळीत पुण्याला आली होती. परत जाताना तिला विचारलं, "मिस्टरांशी बोलता येईल का?" ज्या माणसापासून सुटायला तिला दोन वर्षं लागली, त्याचा नंबर तिने काउंटरवर लावायचा? तिच्या पर्समध्ये घटस्फोटाच्या निकालाची प्रत होती. ती प्रत तिने चारचौघांत उघडून दाखवली. मागच्या रांगेत तिच्या वडिलांच्या वयाची माणसं उभी होती.

आणखी एक प्रकार तुमच्या काउंटरवर येतो, तुम्हाला तो ओळखू येत नसेल एवढंच. काही नवरे बायकोला सुट्टीसाठी म्हणून माहेरी आणतात आणि तिचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड घेऊन एकटेच निघून जातात. अशा बायका आमच्याकडे सांगली-कोल्हापुरातही आहेत, पंजाबात आहेत, आंध्रात आहेत. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठीचा कक्ष २००९ पासून चालू आहे तो यासाठीच. अशा बाईचं कार्ड गेलं म्हणून तिचं वास्तव्य जात नाही. बाहेर राहून वर्ष झालं नसेल तर ती कॉन्सुलेटमध्ये आय-१३१ए नावाचा अर्ज करते आणि विमानात बसण्यासाठी तिच्या पासपोर्टात एक कागद चिकटवून मिळतो. नवा पासपोर्ट काढण्यापासून तिथवर पोहोचायला तिला किती दारं वाजवावी लागतात ते मी इथे लिहीत बसत नाही. पण त्या सगळ्यातून ती तुमच्यापर्यंत आली आणि तुम्ही म्हणालात, "कार्ड दाखवा, नाहीतर मिस्टरांना फोन लावा," तर तिला त्याच माणसाच्या दारात परत नेऊन उभं केलंत.

सहा महिन्यांची एक गोष्टही घोळ करते. आईबाबांच्या आजारपणात मुलगी इकडे राहते, सहाचे सात महिने होतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तिकडच्या विमानतळावर चौकशी जास्त होते, नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते. तो तिचा आणि तिथल्या अधिकाऱ्याचा प्रश्न आहे. वर्ष पुरं झालं नसेल तर ते कार्ड, किंवा कार्ड आणि पत्र, विमानात बसायला चालतं. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्यासाठीचा परवाना, लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. म्हणून माझ्यासारख्या मुलींनाही सांगते, निघण्याआधी त्याचा विचार करा. घरात दुखणं आलं की परतीची तारीख आपल्या हातात राहत नाही.

आणि याच मुलींना आणखी थोडं. पत्राची मूळ प्रत हँडबॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. त्या पुस्तिकेतलं पान छापून जोडा. तीन तास नाही, चार तास आधी जा. अडवलं तर बसून राहू नका, ड्युटी मॅनेजरला त्या विभागाला फोन करायला सांगा आणि तो करेपर्यंत जागेवरून हलू नका. मी हललेच नव्हते, पण फोनचं हे मला वीस मिनिटं उशिरा सुचलं.

माझ्या अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. येत्या मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे, सांगलीलाच. बाबा आता काठीवर चालतात, मांडवात उभं राहणार म्हणून हट्ट धरून बसलेत. मी दोन आठवड्यांसाठी येते आहे. परतीचं विमान मुंबईहूनच आहे, रात्रीचं. तुमच्यापैकी कुणाच्या तरी समोर तेच कार्ड ठेवीन, शेजारी तेच पत्र ठेवीन, आता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेलं. दुसऱ्या परिच्छेदातली ती ओळ मी पिवळ्या पेनाने रंगवून ठेवली आहे.

आपली,
मूळची सांगलीची, आता शिकागोत राहणारी एक प्रवासी